खेळणाऱ्या मुलांचा हात दुखत असेल तर इथे जा: चार तारे, पाचवा जिन्याने खाल्ला

म्हापशात बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर हे फिजिओथेरपी क्लिनिक आहे. बोर्डावर गुडघा, कंबर, मान. बाकांवर सगळे साठीच्या पुढचे. इथे खेळाडूंचं काही होत असेल असं बाहेरून अजिबात वाटत नाही.

माझा मुलगा दहावीत आहे, भालाफेक करतो. पेडेच्या मैदानावर सराव करताना त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी दुसरीकडे नेलं होतं. तिथे शेक, मशीनचा करंट, क्रेप बँडेज, आणि ‘सोमवारपासून हळूहळू टाकायला लाग’. हळूहळू म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. सोमवारी पोराने भाला टाकला आणि मंगळवारी डाव्या हाताने दात घासले.

इथल्या बाईंनी कोपराला आधी हातच लावला नाही. त्याला एका पायावर उभं केलं, कंबर वळवायला लावली, मग पाठीवर झोपवून दोन्ही खांदे फिरवून कोन मोजले. उजवा खांदा आतल्या बाजूला डाव्यापेक्षा बराच कमी वळत होता. त्यांचं म्हणणं असं की खांदा आणि कंबर कामचुकारपणा करतात, भुर्दंड कोपराला पडतो. मागे गेलेला हात पुढे यायला लागतो त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू बघतं, आणि एक छोटंसं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, ते धरून ठेवतं. वाढत्या वयात तर लिगामेंटच्या आधी हाडाचा वाढीचा भागच दुखावू शकतो. म्हणून आधी एक्स-रे, आणि तो येईपर्यंत फेकणं बंद.

पोराचं तोंड वाकडं. तेव्हा बाईंनी विचारलं, ‘वीर महान बघतोस?’

बघतो म्हणजे काय! कपाळाला भस्म लावून डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत लोकांना आपटायचा तो धिप्पाड माणूस आमच्या घरी तोंडपाठ आहे. त्याचं खरं नाव रिंकू सिंग, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, आणि तोही मुळात भालाफेक करायचा, हे मात्र माहीत नव्हतं. 2008 मध्ये बेसबॉल टाकणारे शोधायला भारतात घेतलेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत त्याने ताशी 87 मैल, म्हणजे साधारण 140 किलोमीटर वेगाने बेसबॉल टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल क्लबने करारबद्ध केलं. लोक गोष्ट इथेच थांबवतात. बाई पुढचं सांगतात. मोठ्या क्लबचे खाली पायरीपायरीने संघ असतात, त्या मायनर लीगमध्ये तो 2009 पासून वर चढत होता. 2012 ला वेस्ट व्हर्जिनियात 72 इनिंग्ज टाकून 65 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर थेट बाद केलं. मग कोपर गेलं. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, सीझनमागून सीझन बाहेर बसण्यात गेले आणि त्यानंतर त्या लीगमध्ये त्याने एकही सामना खेळला नाही. 2018 मध्ये तो कुस्तीत आला.

ही शस्त्रक्रिया 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजावर, पहिल्यांदा केली. त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून कोपरातल्या त्या लिगामेंटच्या जागी बसवला. तो 1976 ला परतला आणि 1989 पर्यंत खेळला. आपल्या नीरज चोप्राच्या कोपरावरही 2019 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी 2020 मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर भाला टाकला. बाईंनी नीरज आधी सांगितला असता तर पोरगा त्याच संध्याकाळी पेडेला पळाला असता. रिंकू आधी सांगितला, तिथेच मी त्यांना मानलं.

एक्स-रेमध्ये काही निघालं नाही. पण म्हणून लगेच भाला हातात मिळाला नाही. आधी रबरी पट्टीचे व्यायाम, मग 14 मीटरवरून बेसबॉल, तोही एक दिवसाआड. या चेंडूचं वजन 145 ग्रॅमच्या आसपास, त्याचा भाला 700 ग्रॅमचा. प्रत्येक फेक वहीत लिहायची, दुखलं की एक पायरी मागे. अमेरिकेत 15-16 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, आणि 76 किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, असा ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक सूचनांमधला नियम आहे. भाल्याला तो जसाच्या तसा लागू नाही, हे बाई स्वतःच सांगतात. पण मोजायची शिस्त तिथूनच उचललेली आहे. शाळेच्या सरांना स्पर्धेसाठी घाई होती. बाईंनी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, ‘आज ना सर, फाल्यां पळोवया,’ म्हणजे आज नाही, उद्या बघू. ते फाल्यां बरेच आठवडे चाललं, सर वैतागले. मला ती वही पटली. आता तो अर्ध्या धावेवरून भाला टाकतो आणि अजून दुखलेलं नाही.

तक्रारीही आहेत. जिना अरुंद आणि उभा, गुडघेदुखीवाल्यांना तिथे का चढवतात देव जाणे. दिलेल्या वेळेला नंबर कधीच लागत नाही. एका वेळचे 500 रुपये, बिल मागितलं तरच मिळतं. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या दिवशी जाऊच नका. आणि घरी दिलेली रबरी पट्टी आपल्या पावसाळ्यात चिकट होते, तिला पावडर लावून डब्यात ठेवा. आमची पहिली खिडकीला टांगलेली होती, ती जुलैतच तुटली.