कोकणचा सागरी रस्ता की चिखलदरा?
दिवाळीनंतर सायकली काढायच्या, एवढं घरच्यांचं आणि दोस्तांचं ठरलंय; भांडण जागेचं. दर्यापूरकडच्या सपाट रस्त्यांवर वाढलेल्या आम्हाला वाटतं, समुद्राकाठ म्हणजे सरळ रस्ता. कुठलं बाप्पा! खाडीकडे उतार, की पलीकडे तितकाच चढ. काकू उतरून ढकलणार, हे नक्की. पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे असं सायकलीसकट फेरीबोटीतून खाडी ओलांडणं पोरांना इकडे कुठे मिळणार? रेल्वेनं सायकली न्यायचा ताप वेगळाच: पेडल काढा, हँडल पोत्यात गुंडाळा.

चिखलदरा घरचाच. परतवाड्यापुढे घाट लागतो, दम काढतो. वर सुमारे १,१०० मीटर उंची, कॉफीचे मळे. दोन दिवसांत परत.

माझं मत कोकणाला. रोज ४० किमी, त्याहून जास्त नाही.