बेमुदत संप की नियमानुसार काम?

संपात उतरावे की नेमून दिलेल्या तासांपुरतेच काम करावे, असे एका सहकारी शिक्षिकेने विचारले. संपाची किंमत पुढच्याच वेतनचिठ्ठीत दिसते, कारण गैरहजर दिवसांचे वेतन सहसा कापले जाते. मात्र दबावही तत्काळ येतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात शाळा ९ दिवस बंद राहिल्यावर ५ टक्के वेतनवाढ मंजूर झाली. नियमानुसार कामात वेतन शाबूत राहते, वर्गही चालतात. फक्त शेवटची घंटा होताच न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावरच राहतो. मेख अशी, की हे बिनपगारी तास पालकांना कधी दिसलेलेच नसतात, त्यामुळे ते थांबल्याचेही उशिरा कळते. मागणी वेतनाची आणि पालकांची साथ असेल, तर संप. तक्रार कामाच्या ओझ्याची असेल, तर नियमानुसार काम, कारण ते ओझेच उघडे पाडते.