पैसे नव्या पंपाचे, टाकीत पंप जुनाच

गेल्या मे महिन्यात आईवडिलांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढे आम्ही चहाला थांबलो आणि परत निघताना गाडी सुरू होईना. सेल मारला की स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीत दोष नव्हता; पण इंजिन काही केल्या पकडत नव्हते.

हॉटेलवाल्याने बोलावलेल्या मेकॅनिकने टोचन लावून गाडी जवळच्या गॅरेजमध्ये नेली, इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी सैल केली आणि मला सेल मारायला सांगितला. जेमतेम दोन सेकंद पेट्रोल आले आणि थांबले. "साहेब, टाकीतला पंप गेला. ११,८०० रुपये होतील," असे त्याने सांगितले. पेट्रोल थांबलेले मी प्रत्यक्ष पाहिले होते, आईवडील उन्हाने हैराण झाले होते, म्हणून मी होकार दिला. त्याच्याच आग्रहावरून आम्ही समोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. दोन तासांनी गाडी पहिल्याच सेलला सुरू झाली, त्याने "हा तुमचा जुना पंप" म्हणून एक पंप दाखवला आणि मी मोबाइलवरून पैसे पाठवले. बिल मागितले तेव्हा जीएसटी वेगळा पडेल, असे तो म्हणाला आणि मी ते सोडून दिले, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

चौथ्या दिवशी कोल्हापुरात भर दुपारी गाडी पुन्हा तशीच अडली. मामांच्या ओळखीच्या मेकॅनिकने पाना हातात घेण्याआधी नुसती चावी ऑन केली आणि मला मागच्या सीटजवळ कान द्यायला सांगितले. पंपाची बारीक घरघर दोन सेकंद ऐकू आली. मग सेल मारताना आरपीएमचा काटा पाहायला लावला, तर तो शून्यावरून हलत नव्हता. गाडीतला दोष कोडने दाखवणारा स्कॅनर लावल्यावर पी०३३५ हा कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष होता. इंजिन फिरत असल्याचा संकेत या सेन्सरकडून मिळाला नाही, तर आमच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, स्पार्क देत नाही, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडत नाही आणि सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांनंतर पंपही बंद करतो. सातारच्या गॅरेजमध्ये थांबलेले पेट्रोल हा पंप बिघडल्याचा पुरावा नव्हताच. उलट ते दोन सेकंद आले, म्हणजे पंप चालत होता. आमच्या सेन्सरमधील तारेचे वेटोळे तापले की तुटक होत असे आणि थंड झाले की पुन्हा जुळत असे, त्यामुळे गॅरेजच्या सावलीत दोन तास उभी राहूनच गाडी सुरू झाली होती. नवा सेन्सर मजुरीसह १,९०० रुपयांत बसला, तोही पक्क्या बिलासह.

त्यानंतर आम्ही मागची सीट उचलली. पंपावरच्या झाकणाभोवती वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली होती आणि गंजलेल्या स्क्रूंवर पान्याचा एक ओरखडाही नव्हता, म्हणजे ते झाकण कोणी उघडलेच नव्हते. मला दाखवलेला पंप अगदी कोरडा होता आणि त्याला पेट्रोलचा वासही नव्हता, हे मला तेव्हा आठवले. टाकीतून नुकताच काढलेला पंप पेट्रोलने निथळत असतो. प्रवासात कोणी पंप बदलायला सांगितले, तर आधी पंपाचा आवाज ऐका, आरपीएमचा काटा पाहा, स्कॅनर लावल्याशिवाय होकार देऊ नका आणि झाकण उघडेपर्यंत गाडीजवळून हलू नका. वडीलधारी माणसे सोबत असली की घाई होते, आणि नेमक्या त्या घाईचाच फायदा घेतला जातो.

मी त्या मेकॅनिकला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "पंप बदलला नाही म्हणता, मग बिल दाखवा." झाकणाची छायाचित्रे, पैसे पाठवल्याची नोंद आणि कोल्हापूरचे बिल एवढाच ऐवज माझ्याकडे होता, तो जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवली आहे.