ग्रे कोड आठ महिने वापरल्यानंतर: मॉडेमपासून क्यूबिटपर्यंत

ग्रे कोड म्हणजे संख्या बिटांत लिहायची अशी पद्धत, की लागोपाठच्या दोन संख्यांत एकच बिट बदलतो. तो लिहायला प्रोग्रामची एक ओळ पुरते. संख्या उजवीकडे एक घर सरकवायची आणि मूळ संख्येशी एक्सऑर करायची (बिट वेगळे तिथे 1, सारखे तिथे 0). साध्या बायनरीत 3 वरून 4 वर जाताना 011 चं 100 होतं, म्हणजे तिन्ही बिट उलटतात. ग्रेमध्ये 010 चं 110 होतं, एकच बिट बदलतो. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांनी 1947 साली यासाठी पेटंटचा अर्ज केला. एवढ्या जुन्या आणि एवढ्या सोप्या गोष्टीत चुकायला काय आहे, असं मला वाटलं होतं. मी चुकलो, आणि तेही दोनदा.

सुरुवात मॉडेमच्या सिम्युलेशनने झाली. मॉडेम बिटांचे गट करतो आणि प्रत्येक गटासाठी एक ठरावीक सिग्नल, म्हणजे सिम्बॉल, पाठवतो. नॉइजमुळे रिसीव्हर चुकतो तेव्हा बहुतेक वेळा शेजारचाच सिम्बॉल पकडतो. शेजाऱ्यांत एका बिटाचाच फरक ठेवला, तर एका चुकीमागे एकच बिट जातो. क्यूपीएसकेमध्ये (चार सिम्बॉल, प्रत्येकी दोन बिट) बिटांची साधी क्रमवार मांडणी केली तर अशा चुकीमागे सरासरी दीड बिट जातो. फायदा आलेखात लगेच दिसला, खर्च शून्य. 16-क्वामही (दोन अक्षांच्या जाळीवर मांडलेले 16 सिम्बॉल) बिनबोभाट चाललं.

64-क्वाम (64 सिम्बॉल, प्रत्येक अक्षावर तीन बिट) घेतलं आणि गाडी अडली. नॉइज पूर्ण बंद केला तरी सहापैकी एक बिट चुकीचा येत होता. दोन दिवस फिल्टर आणि टायमिंग उकरत बसलो. दोष भलतीकडेच होता: डीकोड करताना मी उलटं सूत्र न वापरता तीच ओळ पुन्हा चालवली होती. दोन बिटांवर ती ओळ स्वतःचीच उलट असते, म्हणून क्यूपीएसके आणि 16-क्वाममध्ये (तिथे प्रत्येक अक्षावर दोनच बिट) चोरी पकडली गेली नाही. तीन बिटांवर मात्र पहिला बिट 1 असला की शेवटचा बिट उलटा पडतो. तेव्हापासून माझी टेस्ट तीन बिटांच्या खाली सुरूच होत नाही.

ग्रे कोडला एरर करेक्शन, म्हणजे चुका दुरुस्त करणारा कोड, समजणारे लोक भेटतात. यात काहीही दुरुस्त होत नाही. उलट तीन बिटांच्या ग्रेमध्ये 000 चा डावीकडचा एक बिट उलटला, तर 0 चा थेट 7 होतो! चूक शेजारच्या सिम्बॉलपर्यंतच जात असेल, तरच हा कोड कामाचा. चुका दुरुस्त करणारा डीकोडर आणि सिम्बॉलवरून बिट ओळखणारा डीमॅपर एकमेकांना पुन्हा पुन्हा अंदाज पुरवत असतील, तर ग्रे सोडून दुसरी मांडणी सरस ठरू शकते. 32-क्वामच्या क्रॉस आकारात तर सगळ्याच शेजाऱ्यांशी एका बिटाचा फरक जमतच नाही.

क्वांटम कॉम्प्युटिंगकडे वळलो ते क्यूबिटांची (क्वांटम बिटांची) हवी ती अवस्था, म्हणजे स्टेट, तयार करण्यासाठी. काही क्यूबिट कंट्रोल असतात; त्यांच्या 0-1 च्या प्रत्येक जुळणीसाठी टार्गेट क्यूबिट वेगळ्या कोनातून फिरवायचा असतो. सर्किटमध्ये एक रोटेशन (फिरवणं), मग सीनॉट (कंट्रोल 1 असेल तरच टार्गेट उलटवणारा गेट), परत रोटेशन, अशी साखळी येते, आणि ज्या कंट्रोलचा बिट बदलला त्याचाच सीनॉट लावायचा. तीन कंट्रोल असतील तर साध्या क्रमाने सुरुवातीला परत येईपर्यंत 14 सीनॉट लागतात, ग्रेच्या क्रमाने 8. दहा कंट्रोलना हेच 2046 विरुद्ध 1024. सीनॉट हा एकल-क्यूबिट गेटपेक्षा जास्त चुका करणारा गेट, त्यामुळे निम्मी कपात म्हणजे चैन नव्हे, गरज.

इथली माझी चूक जास्त लाजिरवाणी. मला हवे असलेले कोन मी ग्रेच्या क्रमाने लावले आणि तसेच सर्किटमध्ये घातले. पण मधल्या सीनॉटमुळे काही रोटेशनची दिशा उलटते, म्हणून आधी सगळ्या कोनांची अधिक-उणे चिन्हांनी बेरीज-वजाबाकी करून नवे कोन काढावे लागतात. ते न केल्यामुळे हिस्टोग्राम सुंदर आला, पण भलत्याच स्टेटचा. त्यात लायब्ररी क्यूबिट उजवीकडून मोजते की डावीकडून, हा घोळ वेगळाच. आता कोन बदलणारं फंक्शन स्वतंत्र ठेवलंय, आणि तीन कंट्रोलच्या आठही जुळण्या तपासल्याशिवाय पुढचं सर्किट बांधत नाही.