घर आधी की जत्रा आधी? नवमाध्यम कलेचं जाळं उभारताना

चित्रकाराकडे कॅनव्हास आणि रंग असले की काम निदान सुरू तरी होतं. व्हिडिओ, ध्वनी, सेन्सर, कोड यांतून घडणाऱ्या कलेत मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. प्रोजेक्टर उसना आणायचा, सर्किटमधली चूक शोधायला कुणी जाणता गाठायचा, वीज जाणार नाही अशी जागा बघायची आणि प्रदर्शन उतरल्यावर फाइल्स कुणाच्या तरी हवाली करायच्या. श्रीमंत देशांत हे सगळं एखाद्या संग्रहालयात किंवा माध्यम-केंद्रात एकत्र मिळून जातं. विकसनशील देशांत ते चार ठिकाणी विखुरलेलं असतं. जाळं हवं ते त्यासाठी.

तुमच्याकडे पाच-सात माणसं, थोडा पैसा आणि दोन-तीन वर्षांची उमेद आहे असं धरून चालतो. समोर पाच वाटा आहेत. मी त्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारून बघतो: अनुदानाचा शेवटचा हप्ता संपला की मागे काय उरतं?

जत्रेचा मोह सगळ्यांना पडतो. महोत्सव दिसतो, छापून येतो आणि प्रायोजकाला तीन दिवसांत समजतो. पण चौथ्या दिवशी भाड्याचे प्रोजेक्टर परत जातात आणि स्वयंसेवक आपापल्या नोकरीवर. साओ पावलोचा व्हिडिओब्राझील 1983 पासून टिकला, याचं मला दिसणारं कारण असं, की 1991 मध्ये त्यामागे एक कायमस्वरूपी संस्था उभी राहिली आणि दाखवलेली कामं सांभाळण्याची जबाबदारी तिने घेतली. कोलंबियातल्या मानिसालेसचा प्रतिमा महोत्सव 1997 पासून चालू आहे तो काल्दास विद्यापीठाच्या आधाराने. माणसांचे पगार विद्यापीठ देतं, सभागृह त्याचंच, विद्यार्थी त्याचेच. आयसीआ हे इलेक्ट्रॉनिक कलेचं फिरतं आंतरराष्ट्रीय संमेलन 2017 मध्ये मानिसालेसला गेलं, कारण यजमानपद पेलणारी संस्था तिथे आधीपासून होती. थोडक्यात, पाठीशी विद्यापीठ किंवा संग्रह असेल तर महोत्सव भरवा. नुसत्या हौसेवर पहिली आवृत्ती झकास होते, दुसरी कशीबशी, आणि तिसरीच्या वेळी पाच-सातातले तिघे एकमेकांशी बोलत नसतात.

घराची वाट, म्हणजे एक कायमची जागा करून तिथून काम चालवणं, मला जास्त पटते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर.

दिल्लीत 2000 मध्ये सीएसडीएस या समाजविज्ञान संस्थेच्या आवारात ‘सराय’ सुरू झालं. दोन अभ्यासक आणि रक्स मीडिया कलेक्टिव्हचे तिघे कलावंत यांनी मिळून ते उभारलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘वाग’ या तंत्रज्ञान आणि संस्कृतीवर काम करणाऱ्या संस्थेशी त्याची भागीदारी होती. सरायने पैसा एका भव्य प्रयोगशाळेत ओतला नाही, ही मला त्यातली शिकण्यासारखी गोष्ट वाटते. छोट्या शिष्यवृत्त्या दिल्या, त्याही कलावंत, पत्रकार, प्रोग्रामर, विद्यार्थी अशा मिश्र मंडळींना. अट एवढीच, की आपलं काम कुठवर आलं ते ठरावीक काळाने इतरांपुढे मांडायचं. ‘अंकुर’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेबरोबर 2001 पासून सायबरमोहल्ला चाललं. दिल्लीच्या कामगार वस्त्यांत काही संगणक, ध्वनिमुद्रणाची साधनं आणि लिहायला-बोलायला जमणारी तरुण मुलं, एवढाच त्याचा संसार. यांपैकी नांगला माची ही वस्ती 2006 मध्ये पाडली गेली. तिथली खोलीही गेली. पण त्या मुलांनी टिपून ठेवलेली वस्ती राहिली आणि त्यांचं लिहिणंही थांबलं नाही. माझ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

सेनेगलमधल्या डाकारचं ‘केर थिओसान’ हे कलाकेंद्र 2002 चं. त्यांनी आधी घर केलं, आसपासच्या लोकांना आत येऊ दिलं आणि आफ्रोपिक्सेल हा महोत्सव सुरू केला तो 2008 मध्ये. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सहा वर्षं शेजारी ओळखीचे झालेले असले की महोत्सवाला प्रेक्षक आणायला जावं लागत नाही.

घराची दुखणी दोन. एक, भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, कल्पना सुचो न सुचो. दुसरं, हे भाडं बहुधा परदेशातून येतं आणि तिथलं वारं फिरलं की इथे दिवा विझतो. नेदरलँड्सने 2013 पासून सांस्कृतिक खर्चात सुमारे 20 कोटी युरोंची कपात केली. त्या झळीत त्यांची स्वतःची माध्यमकला संस्था, निम्क, 2012 च्या अखेरीस बंद पडली. जिथे घरच्यांचंच निभावलं नाही तिथे दूरच्या भागीदारांना कोण विचारणार? शिवाय कायदा आडवा येऊ शकतो. भारतात 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि त्यातला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. मोठ्या संस्थेने बाहेरून पैसा आणायचा आणि लहान गटांना वाटायचा, हा जाळ्याचा सगळ्यात सोपा आराखडा तिथे कागदावरच संपतो. तुमच्या देशातला नियम काय आहे, हे बोधचिन्ह ठरवण्याआधी वकिलाला विचारा.

कार्यशाळांची साखळी ही तिसरी वाट आणि सगळ्यात स्वस्त. ट्रायँगल हा कलावंतांच्या कार्यशाळेचा उपक्रम 1982 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला. साधारण दोन आठवडे, निम्मे कलावंत स्थानिक, निम्मे बाहेरचे, विक्रीचं ओझं नाही. दक्षिण आफ्रिकेत 1985 मध्ये त्यातून थुपेलो निघालं, तर 1997 मध्ये मोदीनगरच्या कार्यशाळेतून ‘खोज’ ही कलासंस्था. खोजला 2002 पासून दिल्लीत खिडकी गावाजवळ स्वतःची जागा आहे. म्हणजे इथेही पावलं घराकडेच वळली. नवमाध्यमांसाठी या साच्यात एक अडचण मात्र आहे. दोन आठवड्यांत चित्र होतं, शिल्पही होतं. सेन्सर मात्र बाराव्या दिवशी चालायला लागतो आणि चौदाव्या दिवशी सामान बांधायचं असतं. हा साचा घ्यायचा तर मुदत दुप्पट करा किंवा कामाची अपेक्षाच सोडून ओळखींवर समाधान माना. ओळखीही काही कमी मोलाच्या नसतात.

सरकारी वाट म्हटली की आपल्याकडे कपाळावर आठ्या येतात, पण ब्राझीलचं उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. संगीतकार जिल्बेर्तो जिल संस्कृतिमंत्री असताना 2004 मध्ये ‘संस्कृतिबिंदू’ योजना आली. सरकारने नवी केंद्रं बांधली नाहीत. वस्त्यांत, गावांत आधीपासून काम करणारे गट निवडले, प्रत्येकाला सुमारे 1,85,000 रेआल हप्त्याहप्त्याने दिले आणि त्यातच ध्वनी-चित्र संपादनाचा एक संच बसवला, मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा. परवाना विकत घ्यायला नको, चोरीची प्रत वापरायला नको, आणि बिघडलं तर शेजारचा गट दुरुस्त करतो. या पाचांत इतका पसरलेला दुसरा प्रयोग नाही. पण हप्ते रखडले. नाट्यगट आणि संगीतमंडळं सरकारी हिशेबाच्या रकान्यांत अडकली. कायदा व्हायला 2014 उजाडलं आणि 2019 मध्ये तर संस्कृती मंत्रालयच रद्द झालं. ते परत आलं 2023 मध्ये. कायदा झालेला होता म्हणून मधल्या काळात योजनेचं नाव तरी पुसलं गेलं नाही. तुम्ही पाच-सात जण अशी योजना आणू शकत नाही हे उघड आहे. पण अशी योजना आलीच तर हिशेब लिहिणारा माणूस तुमच्याकडे आधीपासून हवा.

पाचवी वाट सामायिक कोठाराची. जकार्ताचा ‘रुआंगरुपा’ हा गट 2000 चा, त्यांनी व्हिडिओ महोत्सव 2003 मध्ये सुरू केला आणि 2018 मध्ये इतर दोन गटांबरोबर ‘गुडस्कुल’ ही शिकण्याची जागा. त्यांचा शब्द ‘लुंबुंग’, म्हणजे गावाचं धान्याचं कोठार. सुगीत उरलेलं सगळ्यांनी आणून टाकायचं आणि वाटप मिळून ठरवायचं. तीन गटांकडे एकेक प्रोजेक्टर असेल तर कोठारात तीन प्रोजेक्टर असतात, इतकं ते साधं आहे. बाहेरचा पैसा नसतानाही सुरू होतं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. पण जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनाची 2022 ची आवृत्ती रुआंगरुपाकडे आली आणि हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली तेव्हा एका फलकावरच्या ज्यूविरोधी चित्रणावरून वादळ उठलं, फलक उतरवावा लागला आणि उत्तर नेमकं कोणी द्यायचं याचा घोळ बराच काळ चालला. निर्णय सगळ्यांचा असला तरी जाब देणारा एक जण आधीच नेमलेला बरा.

मग निवड कशी करायची? शहरात तुमच्यासारखे दोन-तीन गट असतील तर कोठारापासून सुरुवात करा. त्याला नोंदणीही लागत नाही. एकही गट नसेल तर भाड्याची एक खोली आणि चार छोट्या शिष्यवृत्त्या. विद्यापीठात ओळखीचा, कामसू प्राध्यापक असेल तरच महोत्सव. परदेशी भागीदार स्वतःहून दार ठोठावत असेल तर त्याच्याकडून इमारत किंवा यंत्रं मागू नका, तीन वर्षांचा एका तंत्रज्ञाचा पगार मागा. सीमाशुल्काच्या गोदामात अडकलेल्या यंत्रापेक्षा सोल्डरिंग जाणणारी व्यक्ती केव्हाही बरी.

आणि पहिल्याच बैठकीत एक कागद करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, दरवर्षी त्याचे पैसे कोण भरतं, कामांच्या हार्ड डिस्कच्या दोन प्रती कोणत्या दोन घरांत आहेत, आणि गट फुटला तर प्रोजेक्टर कोणाकडे जाईल, एवढं त्यावर लिहा. मुंबईच्या ‘कॅम्प’ या कलावंतांच्या गटाने आणि त्यांच्या साथीदारांनी 2008 मध्ये सुरू केलेला ‘पॅड.मा’ हा व्हिडिओसंग्रह पूर्ण झालेल्या फिल्मपेक्षा कच्चं चित्रीकरण जपतो, क्षणाक्षणाच्या टिपणांसह. तुमची डिस्क भरताना तेच करा: सादरीकरणाचा व्हिडिओ ठेवाच, पण मूळ कोड, जोडणीची आकृती आणि ते काम कोणत्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरवर चाललं होतं हेही त्यात टाका.