टँक, रिव्हर्सो की ग्रँड सेइको? समारंभाचं एकच घड्याळ घ्यायचं तर

ड्रेस वॉच, म्हणजे समारंभाचं घड्याळ, घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी नाव ठरवतो, मग बजेट, आणि ते मनगटावर कसं बसेल याचा विचार बिल झाल्यावर करतो. क्रम उलटा हवा. हे घड्याळ शर्टाच्या कफाखाली सरकलं पाहिजे, वेळ बघण्यापुरतं बाहेर डोकावलं पाहिजे आणि मुकाट आत गेलं पाहिजे. म्हणून पहिला प्रश्न जाडीचा, दुसरा आकाराचा, तिसरा रोज चावी कोण देणार याचा. नाव चौथं.

या कसोटीवर तीन घड्याळं शेजारी ठेवतो. कार्तिएचं टँक मस्ट, मोठ्या आकाराचं, स्टीलमधलं, क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं. जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो ट्रिब्यूट, छोट्या सेकंदकाट्याचं, एकाच तबकडीचं. आणि ग्रँड सेइकोचं एसबीजीडब्ल्यू231. किमतीत टँक सगळ्यात खाली, ग्रँड सेइको त्याच्या वर आणि रिव्हर्सो साधारण ग्रँड सेइकोच्या दुपटीच्या घरात. पाटेक फिलिपचं कालात्रावा मुद्दाम बाहेर ठेवलंय. 1932च्या 'रेफरन्स 96'ने गोल ड्रेस वॉच कसं दिसावं याचा पायंडा पाडला, आणि आजचं 39 मिमीचं 6119 पाहिलं की बाकीच्यांनी कुठून उचललं ते कळतं. पण ते सहज परवडणाऱ्याला असली तुलना वाचायची गरज नसते.

कफाची परीक्षा

टँक मस्टची जाडी 6.6 मिमी, रिव्हर्सोची साडेसातच्या आसपास, ग्रँड सेइकोची 11.6. कागदावर पाच मिलिमीटर किरकोळ वाटतात. बटण लावलेल्या कफात मात्र टँक आपोआप आत जातं, रिव्हर्सो थोडं ढकलल्यावर जातं आणि ग्रँड सेइको कफाच्या काठावर अडून बसतं. त्याची काच घुमटासारखी फुगीर आहे. दिसायला सुंदर, पण उंची वाढवणारी. शिंप्याला सांगून शर्टाचा डावा कफ जरा सैल शिवून घेता येतो. अंगाबरोबर बेतलेल्या बंदगळ्याच्या बाहीला तेवढी मुभा नसते. उलट तुमचे समारंभ बहुतेक रेशमी कुर्त्यातच पार पडत असतील, तर कुर्त्याची बाही मोकळी असते आणि हा मुद्दा जवळपास बाद होतो.

लांबी-रुंदीत चित्र बदलतं. टँक 33.7 बाय 25.5 मिमी आहे आणि हाच त्याचा 'लार्ज' आकार. 42 मिमीच्या स्पोर्ट्स घड्याळांची सवय झालेल्या डोळ्याला ते सुरुवातीला बायकी वाटतं. तो दोष सवयीचा आहे, घड्याळाचा नाही. रिव्हर्सो 45.6 बाय 27.4, म्हणजे हाताच्या आडव्या रुंदीत बरंच पसरणारं. मनगट बारीक असेल तर त्याची टोकं कडेला येतात. ग्रँड सेइकोचा व्यास 37.3 मिमी, तो जवळपास कुणालाही शोभतो.

रिव्हर्सो: उलटवायचं घड्याळ

तिघांत आपल्या मातीशी थेट नातं असलेलं हे एकच. ब्रिटिश हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. सेझार द त्रे हा घड्याळांचा व्यापारी इथे आला असताना त्याच्यापुढे ही तक्रार मांडली गेली, असं कंपनी सांगते. मार्च 1931मध्ये पॅरिसमध्ये फिरत्या केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या चौकटीच्या, पेटंटचा अर्ज दाखल झाला. घड्याळ उलटवलं की काच मनगटाकडे, बाहेर नुसता धातू.

पुढे पोलो राहिला बाजूला आणि तो कोरा धातू हीच खरी गंमत ठरली. त्यावर आद्याक्षरं, तारखा, कुलचिन्हं कोरली जाऊ लागली. संस्थानिकांनी तर मीनाकारीत चेहरे रंगवून घेतले. दुकानात गेलात तर एवढं कराच: चौकट एका बोटाने आडवी सरकवा, अर्ध्यावर ती मोकळी होते, पालथी करा आणि परत ढकला. शेवटी बारीकसा 'टक्' होतो. तो आवाज आणि तो बेतशीर घट्टपणा हाताला जाणवला की किंमत कशाची आहे ते विक्रेत्याला समजावून सांगावं लागत नाही. नुसत्या चौकटीला पन्नासहून जास्त सुटे भाग आहेत. आतलं 822 हे चावीचं यंत्र आयताकृती, म्हणजे केसच्या आकाराबरहुकूम बनवलेलं. बऱ्याच चौकोनी घड्याळांत गोल यंत्रच बसवलेलं असतं. इथे तसं नाही.

उणी बाजू म्हणजे सरकपट्टीत घाम आणि धूळ बसते, ती मऊ ब्रशने झटकत राहावी लागते. आणि हे घड्याळ शांत बसू देत नाही. मीटिंगमध्ये उलटसुलट करत राहायचा चाळा लागतो.

टँक: सगळ्यांना ओळखू येणारं

लुई कार्तिएने 1917मध्ये याचं डिझाइन केलं. वरून पाहिलेल्या रेनॉ रणगाड्यावरून ते सुचलं म्हणतात: दोन उभ्या पट्ट्या म्हणजे रणगाड्याचे पट्टे. रोमन आकडे, निळे काटे, चावीच्या टोकाला निळा खडा. स्टीलच्या घड्याळात तो खडा कृत्रिम स्पिनेलचा असतो, सोन्याच्या टँक लुईमध्ये नीलमणी. भिंग लावून VII हा आकडा पाहा: त्याच्या एका रेघेत 'कार्तिए' हे नाव सूक्ष्म अक्षरांत दडवलेलं आहे. जुनं, वापरलेलं घड्याळ घेताना ही पहिली तपासणी. पण एवढ्यावर अस्सल समजू नका, नकला करणाऱ्यांनाही ही खूण ठाऊक असते.

घड्याळाच्या शौकिनांचा टँक मस्टवर राग आहे तो सेलवर चालतं म्हणून. मला तो राग पटत नाही. वर्षातून दहा-पंधरा वेळा कपाटातून निघणारं घड्याळ उचलताच चालू असलं पाहिजे. लग्नघरातून निघायच्या घाईत वेळ जुळवत बसणं काही दिवस हौसेचं वाटतं, मग कटकटीचं. चावीच हवी असेल तर टँक लुई आहे, पण तिथे सोन्याचा भाव लागतो. आपल्याकडे लगेच हिशेब होतो की सोनं आहे, पैसे कुठे जात नाहीत. जातात. केस 18 कॅरटची असली तरी ग्रॅमाच्या हिशेबात तुमच्या बिलाचा छोटा भागच निघतो. घड्याळ म्हणजे पाटली नव्हे.

ग्रँड सेइको: उजेडात पाहावं असं

नुसतं घड्याळ म्हणून तिघांत हे सरस. यातलं 9एस64 हे यंत्र एकदा चावी दिली की 72 तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तरी सोमवारी ऑफिसात चालू. रिव्हर्सोचे 42 तास रविवारी दुपारीच संपलेले असतात. वेळेचा फरक दिवसाला अधिक 5 ते उणे 3 सेकंदांत राहील असं कंपनी सांगते. पण याचं खरं सौंदर्य काट्यांत आहे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ते कळत नाही. घड्याळ खिडकीशी न्या आणि मनगट हलकं तिरपं करा. काट्यांच्या आणि तासखुणांच्या कडा इतक्या धारदार घासलेल्या आहेत की एक बाजू लख्ख पांढरी असताना शेजारची काळी दिसते.

अडचण ओळखीची. लग्नात दहांपैकी आठ जण याला 'सिकोचं घड्याळ' म्हणतील आणि तुम्ही एवढे पैसे घातलेत हे कुणाच्या गावीही नसेल. काहींना हेच हवं असतं. जावयाला भेट म्हणून द्यायचं असेल तर मात्र व्याह्यांना समजावत बसावं लागेल.

दमट हवा आणि पट्टा

तिन्ही घड्याळांची पाणीरोधक क्षमता 30 मीटर सांगितलेली असते. याचा अर्थ हात धुताना चार थेंब उडाले तर चालतील, एवढाच. मुंबई-कोकणातल्या जून ते सप्टेंबरात चामड्याचा पट्टा घामाने काळवंडतो आणि कपाटात बुरशी धरतो. घड्याळ काढल्यावर पट्टा कोरड्या कापडाने पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवा, लगेच डबीत बंद करू नका. एक जादा पट्टा सुरुवातीलाच घेऊन ठेवलेला बरा.

बिल करताना

2 लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदार घेऊच शकत नाही. घड्याळ 10 लाखांवर गेलं तर 22 एप्रिल 2025पासून 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, वर लागतो. तो कर विवरणपत्रात वळता होतो, पण रक्कम आधी द्यावी लागते. रिव्हर्सो घेताना हा आकडा आधीच विचारा. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या एफ्टा गटाशी झालेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं थांबण्यात मात्र अर्थ नाही. कंपन्यांच्या दरवाढी तोवर थांबत नाहीत. दुबईहून भावाला आणायला सांगायचा बेत असेल तर विमानतळावर लाल मार्गिकेतून जाऊन शुल्क भरायचं हे गृहीत धरा. मग वाचलेल्या पैशांतले फारसे उरत नाहीत. हातावर घालून निघून येण्याचा सल्ला देणारे भेटतील, पण ती तस्करीच.

कार्तिए आणि जेगर-लकूल्त्र दोघांकडे नोंदणी केली की हमी 8 वर्षांपर्यंत वाढते. दुकानातून निघण्यापूर्वीच ते करून घ्या. चावीच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी येतं आणि कंपनीकडे त्याचं बिल सहज पाच आकडी होतं. टँक मस्टचं काम बहुतेक वेळा सेल बदलण्यावर भागतं.

माझा कौल असा: समारंभापुरतंच घालणार असाल तर टँक मस्ट, आणि सेलवरचंच. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पुढे जावं अशी इच्छा असेल आणि मागे तारीख कोरून घ्यायची असेल तर रिव्हर्सो. ते जास्तीचे पैसे तिथे कामी येतात. ग्रँड सेइको रोज घालणाऱ्याने घ्यावं, डबीत ठेवणाऱ्याने नाही. आणि तिन्ही आवाक्याबाहेर वाटत असतील तर जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावचं नोमोस टँजेंटे बघा: 35 मिमी, चावीचं, जवळपास टँकइतकंच पातळ. फक्त त्याचे लग, म्हणजे पट्टा अडकवायचे कान, लांब आहेत, त्यामुळे आकडा पाहून मागवू नका, घालून बघा.