तीन दिवसांत गुडघा दुखायचा थांबला, तर आधी पुडी तपासा

तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाच्या हंगामात बायका दिवसदिवस मांडवाखाली उभ्या असतात. पन्नाशी आली की गुडघे धरतात. नेमक्या अशाच बाईला आठवडी बाजारात, एसटी स्टँडबाहेर, नाहीतर ओळखीतल्याच कुणाच्या तरी शब्दावर जडीबुटीवाला गाठतो. अशाच एका घरात काय झालं ते इथं मांडतो आहोत, कारण फसवण्याची तऱ्हा सगळीकडं एकच असते.

आधी 3 दिवसांच्या पुड्या मिळाल्या, शंभर-दीडशे रुपयांत. राखाडी-तपकिरी चूर्ण, ओवा-सुंठीचा वास. सकाळची पुडी गुडघ्यासाठी, रात्रीची 'मनाच्या शांतीसाठी'. तिसऱ्या दिवशी बाई मांडी घालून जेवायला बसल्या. भूक वाढली, झोप लागली, चिडचिड गेली. मग घरच्यांनीच 3 महिन्यांचा कोर्स घेतला. पैसे एका मोबाईल नंबरवर गेले, पावती मिळाली नाही. अटी दोनच: इंग्लिश गोळ्या बंद आणि वांगं, आंबट, ताक बंद. पहिल्या अटीनं डॉक्टरची नजर टळते आणि बीपीची गोळीही सुटते. दुसरी पुढं कामी येते. दुखणं उलटलं की विकणारा म्हणतो, "पथ्य मोडलंत."

निर्गुंडी, रास्ना, गुग्गुळ ही खरी औषधं आहेत, पण झिजलेल्या गुडघ्याला ती 3 दिवसांत उठवत नाहीत. इतका झटपट गुण बहुतेक वेळा स्टेरॉइडचा, म्हणजे सूज झटकन दाबणाऱ्या इंग्लिश औषधाचा असतो. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या स्वस्त गोळ्या कुटून चूर्णात मिसळतात, जोडीला डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी. डेक्साची गोळी पुष्कळदा अर्ध्या मिलिग्रॅमची असते, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या चाळिसाव्या भागाइतकं औषध. ते परातीत हातानं कालवलं तर एका पुडीत चार गोळ्यांचा डोस जातो आणि दुसरीत काहीच नाही. वासानं, चवीनं, पाण्यात टाकून हे ओळखता येत नाही, प्रयोगशाळाच लागते. मन हलकं वाटतं तेही पुष्कळदा स्टेरॉइडमुळंच. रात्रीच्या पुडीत अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी असू शकते. तिची सवय लागते.

दोन महिन्यांनी शेजारणी म्हणू लागल्या, तब्येत सुधारली. चेहरा गोल झाला होता. पण नीट बघणाऱ्याला दिसलं असतं की पोलकं पोटाशी आणि पाठीशी तटत होतं, आणि दंडावर बाही सैल झाली होती. स्टेरॉइड चरबी चेहऱ्यावर, पोटावर आणि मानेमागं चढवतं आणि दंड-मांड्यांचे स्नायू खातं. म्हणून जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात आणि आपण समजतो गुडघाच बिघडला. पोटावर जांभळे पट्टे, जरा लागलं की काळेनिळे डाग, बीपी आणि साखर वर, हाडं ठिसूळ. साखर तपासताना फक्त उपाशीपोटीची करू नका. स्टेरॉइडची साखर जेवणानंतर जास्त चढते आणि सकाळची पुष्कळदा बरी निघते.

सगळ्यात मोठी चूक मात्र फसवणूक कळल्यावर होते. रागानं पुड्या गटारात टाकल्या जातात. 3 आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. पुडी एकदम बंद झाली की शरीराजवळ काहीच उरत नाही: उलट्या, गळून जाणं, बीपी खाली, चक्कर. ताप किंवा जुलाब आले तर जीवावर बेततं. झोपेची गोळी एकदम सोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, फिटसुद्धा येऊ शकते. हे कृपा करून घराघरांत सांगा.

म्हणून पुड्या सोबत घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडं जा. सांगली, मिरज, सातारा इथं सरकारी रुग्णालयं आहेत. लाजू नका. किती दिवस, दिवसातून किती पुड्या, ते स्पष्ट सांगा. सकाळी 8 च्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करतात. चेहरा गोल आणि कॉर्टिसॉल कमी, म्हणजे स्टेरॉइड बाहेरून आल्याचा संशय पक्का होतो. मग डॉक्टर मोजलेल्या डोसची गोळी देऊन ती हळूहळू उतरवतात. त्याला महिने लागू शकतात. या काळात गुडघा पुन्हा दुखेल आणि मनही खचेल. रडू येणं, कशातच जीव न रमणं हे औषध उतरताना होतं, त्याला पथ्य मोडल्याचं किंवा बाहेरचं काही लागल्याचं नाव देऊ नका. मन फारच खचलं तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतूनही बोलता येतं.

खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द, प्रत्येक घटक त्याच्या मात्रेसह, उत्पादकाचा पत्ता, उत्पादन परवाना, बॅच आणि तारीख असते. नुसता 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक हा अन्नपदार्थाचा, औषधाचा नव्हे. पक्कं बिल मागा. संधिवात, मधुमेह, रक्तदाब हमखास बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

सावकाश चालणारा उपाय करायचाच असेल तर हा करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. कोमट वाळूच्या पुरचुंडीनं शेक द्या, पण मधुमेहात पायाला स्पर्श कळत नसेल तर शेक नको. फरक जाणवायला 6 ते 8 आठवडे लागतात.

उरलेल्या पुड्यांतल्या निदान पाच-सहा न फोडता कोरड्या डबीत ठेवा, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. ग्राहक म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही ती नोंदवता येते. रुग्णाच्या पाकिटात एक चिठ्ठी राहू द्या: 'स्टेरॉइड इतके महिने पोटात गेलं, या तारखेपासून कमी करतोय.' अपघात झाला किंवा ऑपरेशन निघालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ती आधी दाखवा.